टिक्केवाल्या वीस जणी

बुधवारी मी बोलत नाही. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मौन. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवारी संतोषीमातेसाठी आंबट वर्ज्य, शनिवारी मारुतीला तेल आणि रविवारी अळणी. बुधवार तेवढा मोकळा राहत होता, आणि मोकळा दिवस मला सोसत नाही. म्हणून मौन धरलं. आमचे यजमान, म्हणजे शाळेचे मास्तर, म्हणतात, सातही व्रतांत घराला सर्वांत जास्त फळ बुधवारच्याच व्रतानं दिलं. मी ते कौतुक समजते.

तसा माझा आवाज मुळातच लहान. देवळात मी अख्खी आरती म्हटली तरी शेजारच्या बाईला वाटतं, मी नुसते ओठ हलवते आहे. त्यामुळे बुधवार आणि इतर वार यांतला फरक गावाच्या पटकन लक्षात येत नाही. आमच्या करडीच्या महिला मंडळाच्या अध्यक्षाची निवडणूक अशीच एका बुधवारी झाली. माझं नाव पुकारून “कोणाची हरकत आहे का?” असं तीनदा विचारलं. माझी होती. मी एकमतानं निवडून आले.

हे सगळं आधीच सांगून ठेवण्याचं कारण एवढंच, की पुढं जे घडलं ते गुरुवारी घडलं असतं तर घडलंच नसतं.

अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. पंचायत समितीची योजना आली. महिला मंडळातल्या पाच बायकांना प्रत्येकी वीस सुधारित जातीची कोंबडीची पिल्लं. शकुनबाई, कुंताबाई, पुष्पाबाई आणि गोदावरीबाई, चौघी तयार. पाचवी अध्यक्षच हवी, असं कागदात लिहिलेलं. आता आमच्या घरात तीन पिढ्या मांसमच्छी शिजलेली नाही. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तर शकुनबाई म्हणाल्या, “बाई, तुमी नाई म्हनलं त आमा चौघीचेबी अर्ज गेले समजा. तुमाले का कोंबड्या खा म्हनून रायलो का आमी? पाला नुसत्या. देवाचे जीव हायेत.”

देवाचे जीव म्हटल्यावर माझी बोलती बंद झाली. वार कोणता होता आठवत नाही.

मी तुळशीपुढं बसले, हातावर पाणी घेतलं आणि सोडलं. माझ्या अंगणातला एकही जीव सुरीखाली जाणार नाही. एवढी एकच अट मी देवाला आणि स्वतःला घातली. अंड्यांचा प्रश्न होता, तो विस्तार अधिकारी रहांगडाले साहेबांनी सोडवला. ते म्हणाले, “कोंबडाच नसला की अंड्यात जीव नसतो, बाई. तुम्ही फक्त माद्या ठेवा. अंडी गावच्या बालवाडीला द्या. पुण्यच आहे.” मी तसं अर्जात लिहूनही दिलं. अध्यक्षांकडील सर्व अंडी बालवाडीस.

अर्ज तीनदा परत आला. पहिल्यांदा ‘पक्षीगृहाचा नकाशा जोडलेला नाही’ म्हणून. मास्तरांनी दोन रविवार घालवून नकाशा काढला. प्रमाण दिलं, उत्तर दिशेचा बाण दिला, तुळशीवृंदावन हिरव्या पेन्सिलीनं रंगवलं. दुसऱ्यांदा अर्ज तलाठ्याच्या दाखल्यासाठी परत आला. तिसऱ्यांदा ‘कोंबडीपालनाचा पूर्वानुभव’ या रकान्यासाठी. मी खरं तेच लिहिलं होतं. ‘अनुभव नाही, परंतु कोंबडीशी वैरही नाही.’ त्यावर लाल शाईचा शेरा आला, ‘उत्तर मोघम आहे.’ मास्तरांनी तिथं ‘निरंक’ लिहिलं आणि अर्ज मंजूर झाला. सरकारला नेमका कोणता शब्द आवडतो, हे मास्तरांना बरोबर कळतं.

होळी झाली आणि पिल्लं आली. बुधवारी.

साहेब स्वतः येणार होते, पण त्यांनी पिल्लं तेवढी भंडाऱ्याच्या एस.टी.त बसवून दिली आणि ‘मी दोन दिवसांत येतो’ अशी चिठ्ठी धाडली. ते दोन दिवस पुढं सहा महिने चालले. कंडक्टरनं भोकाभोकांचे पुठ्ठ्याचे डबे शाळेच्या ओसरीवर उतरवले आणि म्हणाला, “घ्या बाप्पा तुमचे पाव्हने. भंडाऱ्यापासून चिवचिव चिवचिव, ड्रायव्हरनं दोनदा इंजिन उघडून पायलं!”

डबे उघडले. शंभर पिल्लं, सगळी काजळासारखी काळी. पण त्यातल्या निम्म्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका. जणू कोणी लग्नात अक्षता टाकल्या आणि एकेक दाणा एकेकीच्या माथ्यावर चिकटून राहिला. बाकीची साफ काळी.

डब्यात एक छापील कागद होता, इंग्रजीत. गावात इंग्रजी वाचणारे आमचे मास्तर. ते चष्मा लावून वाचू लागले आणि बघता बघता त्यांचे कान लाल झाले. समोर बायका, त्यांतल्या दोघी त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी. आणि कागदात, नंतर मला कळलं, पहिल्या ओळीपासून नर, मादी, लिंग याशिवाय दुसरा विषयच नव्हता. मास्तरांनी घसा साफ केला.

“यात असं आहे की, डोक्यावर ठिपका असलेली पिल्लं एका प्रकारची, आणि नसलेली दुसऱ्या प्रकारची.”

“कोनत्या परकारची, गुरुजी?” कुंताबाईंनी विचारलं.

“निरनिराळ्या,” मास्तर म्हणाले, आणि हजेरीपट तपासायचा राहिला म्हणून वर्गात निघून गेले. शाळा सुटून तास झाला होता.

मग सल्ल्यांना सुरुवात झाली. कुंताबाईंचं म्हणणं, पिल्लू पायाला धरून उलटं टांगायचं. मान वर उचलली तर नर, लोंबकळली तर मादी. त्यांनी चार टांगून पाहिली. चौघांनीही आधी मान उचलली, मग लोंबकळवली आणि मग कुंताबाईंच्या पदरावर जे करायचं ते केलं. पुष्पाबाईंच्या माहेरी म्हणे अंड्याच्या टोकावरूनच ओळखतात; पण अंडी भंडाऱ्याला राहिलेली. गोदावरीबाई आमच्यात वयानं मोठ्या, जन्मभर कोंबड्या पाळलेल्या. त्या भिंतीला टेकून सुपारी कातरत म्हणाल्या, “कायची घाई हाय वो तुमाले? तोंड उघडन तवा कळन, कोन हाय थे.” पण घरच्या अनुभवाला योजनेत किंमत नसते. कोणी लक्ष दिलं नाही.

मला तर आत्ताच कळायला हवं होतं. माझ्या वाट्याच्या विसांत एकही नर नको होता. विचारायला मास्तर वर्गात, आणि माझं मौन. मी शकुनबाईंचा हात धरला, वर्गाकडं बोट दाखवलं, आणि मग ‘यातल्या बायका कोणत्या, ते त्यांना विचारून या’ असं सांगण्यासाठी माझ्या कपाळावरच्या कुंकवावर बोट ठेवलं. बाई हे दाखवायला दुसरी कोणती खूण असते, तुम्हीच सांगा.

शकुनबाईंचे डोळे चमकले. “अवो, आयका वो! बाई म्हनते, जिच्या कपाळी टिक्का थे बाईमानूस! आन् बिनटिक्क्याचे गडी!”

मी जोरजोरात मान हलवली. नकाराची. पण त्याच वेळी एक पिल्लू माझ्या बाहीत शिरत होतं, त्यामुळे ती मान कोणत्या दिशेला हलली हे मलाही नक्की सांगता येणार नाही.

“बराबर हाय ना!” कुंताबाई म्हणाल्या. “देवानं बाईले कुकू देल्लं, त कोंबडीले काहून नाई देनार?”

पुढं जे झालं ते आठवलं की आजही डोळ्यांत पाणी येतं, आणि हसूही येतं. त्या चौघींनी आपापल्या वाट्यातली काही टिक्केवाली पिल्लं उचलली आणि माझ्या टोपलीत टाकली. बदल्यात माझ्याकडची बिनटिक्क्याची उचलून नेली. “बाईच्या घरी कापाकापी चालत नाई,” शकुनबाई म्हणाल्या. “गडी आमी घेऊन जातो. आमच्या घरी त्यायची सोय होते.” आपल्याला कमी अंडी मिळतील हे माहीत असून चौघींनी अध्यक्षांसाठी एवढा त्याग केला.

सूर्य मावळला, माझं तोंड उघडलं. तोवर टोपल्या घरोघर पोचल्या होत्या आणि गावभर झालं होतं, बाईनं नुसतं कपाळाला बोट लावून शंभर पिल्लं निवडली. मी मास्तरांना विचारलं, “कागदात खरंच काय होतं?” मास्तर म्हणाले, “कागद डब्यात होता. डबा बंबात गेला.” आणि त्यांनी पंचायत समितीला पहिला अहवाल लिहिला. पक्षी वीस. नर निरंक. मादी वीस.

मीही मग टिक्क्यावर श्रद्धा ठेवली. एकदा ठेवली की मी ती सहसा काढत नाही.

माझ्या वीस जणींतली एकही दगावली नाही. इतरांकडं मांजरानं नेली, घारीनं नेली, उन्हानं गेली. माझ्याकडं सकाळी पूजा आणि मग पिल्लं. तांदळाची कणी, उन्हाळ्यात ओलं पोतं, मंगळवारी दूर्वांची जुडी गणपतीला आणि उरलेली त्यांना. मोठी होऊ लागली तशी त्यांच्या अंगावर करड्या-पांढऱ्या बारीक पट्ट्या उमटल्या, थेट पट्टेरी लुगड्यासारख्या. शकुनबाईंकडची बिनटिक्क्याची मात्र साधी काळी, गळ्याशी थोडी तांबूस. “पाहा,” शकुनबाई म्हणाल्या, “लुगडं नेसल्या ना बाया? आन् आमचे गडी कसे उघडेबोडके!”

अडीच महिन्यांत माझ्या जणींचे तुरे लालभडक झाले. मी म्हटलं, खाणं चांगलं आहे. शेपट्या वाकड्या होऊन चमकू लागल्या. मास्तर म्हणाले, सुधारित जात आहे, सुधारित जातीत स्त्रिया पुढारलेल्या असतात. गोदावरीबाई एकदा कुंपणावरून डोकावल्या, बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “छान हायेत.” एवढंच. त्यांच्या तोंडात सुपारी होती, की हसू, ते मला कळलं नाही.

आषाढातल्या एका सोमवारी, पहाटेची आंघोळ उरकून मी महादेवाला पाणी घालत होते, तेव्हा अंगणातून एक भयंकर आवाज आला. मला वाटलं मास्तर गुळण्या करताहेत. मास्तरांना वाटलं मी पडले. आम्ही दोघं दारात एकदमच आलो. तुळशीवृंदावनावर माझी सर्वांत लाडकी, सर्वांत मोठा टिक्का असलेली, मान ताणून उभी होती. तिनं पुन्हा तोंड उघडलं.

“कुकूच…” आणि पुढचं अर्धं घशातच राहिलं. शिकाऊ होती. होता.

आठवड्याभरात वीसही जण आरवायला लागले. पहाटे चारला सुरू होत, आणि एकानं संपवलं की दुसरा त्यातली चूक दुरुस्त करी. बिचाऱ्या मास्तरांनी ‘पुढारलेल्या स्त्रिया’ हा विषय पुन्हा काढला नाही. तिकडं शकुनबाईंच्या घरच्या उघड्याबोडक्या गड्यांना आरवायचं काही सुचत नव्हतं. त्यांचा कोपऱ्यातली जागा शोधून बसण्याकडं कल दिसू लागला. अख्खं गाव आमच्या कुंपणाशी जमलं. मी पदर पुढं ओढून घरात बसले.

“मी त तवाच म्हनलं होतं,” शकुनबाई बाहेर सांगत होत्या, “का बाई, एकडाव गुरुजीले इचारून घ्या!”

माझ्या मानापमानाचं राहू द्या. दुखणं वेगळंच होतं. आखाडी तोंडावर आली होती. आषाढ सरता सरता आमच्याकडं घरोघर कोंबडा शिजतो. मग श्रावण लागतो आणि महिनाभर भाजीभात. चौघींकडं जे थोडे टिक्केवाले उरले होते, ते एकेक करून गेले. आणि मग गावाच्या नजरा माझ्या विसांवर खिळल्या. शकुनबाईंचे यजमान मारोतराव एरवी घरातून पाराशीच काय ते जायचे, ते रोज आमच्या कुंपणाकडून फिरायला जाऊ लागले. कुंपणाशी थांबायचे, हात जोडायचे. कोणाला, ते कळत नसे.

“बाई,” ते म्हणाले, “तुमी खात नाई, विकत नाई, मंग थे काय भजनाले बसवता का?”

“ते बसतात,” मी म्हणाले, “तुम्ही या.”

त्यांना ऐकू गेलं नाही. माझं बहुतेकांना ऐकू जात नाही.

आणखी एक गोम होती. योजनेच्या पुस्तिकेत नववा नियम होता. ‘लाभधारकाकडील अतिरिक्त नर पक्षी ताब्यात घेऊन त्यांचा जाहीर लिलाव करण्यात येईल.’ लिलाव तुमसरच्या बाजारात. तिथून ते कुठं जातात, हे सांगायला पुस्तिका लागत नाही. मी रडकुंडीला येऊन मास्तरांना म्हटलं, “अहवाल सुधारून पाठवू नका.”

“मुळीच नाही,” मास्तर म्हणाले. “लेखी दिलेलं आहे. खाडाखोड चालत नाही.” आयुष्यात प्रथमच मला त्यांच्या काटेकोरपणाचा आधार वाटला. कागदावर माझे वीसही कोंबडे सुखरूप माद्या होते.

पण कागदावरच्या माद्यांकडून सरकार कागदावरची अंडी मागतं. भाद्रपदाच्या तोंडाशी पत्र आलं. ‘विषय: अंडी न दिल्याबाबत. आपणाकडील वीस माद्यांनी विहित मुदतीत एकही अंडे का दिले नाही, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.’ मी ते पत्र घेऊन अंगणात गेले आणि विसांकडं पाहिलं. खुलासा करावा असं कोणाच्याच चेहऱ्यावर दिसेना.

मास्तर खोटं लिहीत नाहीत. त्यांनी रात्रीच्या जेवणापर्यंत विचार केला आणि उत्तर लिहिलं, ‘सदर पक्ष्यांकडून अंड्यांची अपेक्षा करणे तूर्त योग्य वाटत नाही.’ यातलं एक अक्षर खोटं दाखवा.

त्या उत्तरानं साहेबांचे सहा महिने लांबलेले दोन दिवस संपले. रहांगडाले साहेब फटफटीवर आले. वार सांगायलाच हवा का?

ते अंगणात शिरले आणि जागीच उभे राहिले. पुढं वीस तुरे, वीस शेपट्या. त्यातला एक साहेबांच्या फटफटीच्या सीटवर चढला आणि त्यानं त्यांचं स्वागत केलं.

“गुरुजी,” साहेब सावकाश म्हणाले, “या वीस माद्या?”

मास्तरांनी चष्मा पुसला. “कागदोपत्री,” ते म्हणाले.

“अहो, डब्यात कागद टाकला होता! यांची आई पट्टेरी जातीची, बाप तांबडा. अशा जोडीत आईचा पट्टा फक्त मुलाकडं जातो, मुलीला मिळत नाही. म्हणून ठिपका दिसला की तो नर. लहान पोरालाही कळावं म्हणून ही जात दिली!” साहेबांचा आवाज चढला. माझ्या मनात मात्र आलं, आईचं लेणं मुलालाच, आणि लेकीला काही नाही. अगदी आमच्या मोठ्या नणंदेच्या घरासारखं. पण ते बोलण्याचा वार नव्हता.

एव्हाना कुंपणाशी चौघी आल्या होत्या, मारोतरावही होते. साहेबांनी वही काढली. “नियम नऊ. सगळे ताब्यात घ्यावे लागतील. उद्या गाडी पाठवतो. तुमसरला लिलाव.”

मी पुढं झाले, दोन्ही हात जोडले, डोळ्यांनी विनवलं, तुळशीकडं हात केला आणि पुन्हा जोडले. दगडाला कळलं असतं.

“बाई म्हनते,” शकुनबाई कुंपणावरून ओरडल्या, “नमस्कार साहेब, आनंदानं घेऊन जा! तुळशीची आन हाय, बाईची काई ना नाई!”

साहेबांनी पेन उघडलं.

आता तुम्ही म्हणाल, लिहून दाखवायचं. पाटी शाळेत होती, आणि पेन वहीवर टेकलं होतं. एका हाताला बुधवारचं मौन, नऊ वर्षं न मोडलेलं. दुसऱ्या हाताला तुळशीपुढं सोडलेलं पाणी. दोन्ही देवाचीच. मी डोळे मिटले.

“नाही!”

तो आवाज माझा होता, हे मला नंतर सांगण्यात आलं. “एकही कापायचा नाही! एकाच्याही अंगाला कोणी हात लावायचा नाही! माझा शब्द आहे देवाला!”

वीस कोंबडे एकदम गप्प झाले. मास्तरांच्या हातातून चष्मा पडला. सीटवरचा खाली उतरला. पाराजवळ बांधलेला मारोतरावांचा बैल उठून उभा राहिला म्हणे, पण ते मारोतराव सांगतात, त्यामुळे मी त्यावर भर देत नाही.

“माय वो,” पुष्पाबाई हळूच म्हणाल्या, “बाईले आवाज हाय.”

साहेबांचं पेन तसंच हवेत होतं. “पण बाई, नियम…”

तेव्हा गोदावरीबाई कुंपणाचं फाटक उघडून आत आल्या. सुपारी थुंकली, पदर खोचला. “साहेब, मी अडानी हाय, पन एक इचारतो. आमच्या कोंबड्या अंडी देऊन रायल्या. टोपलंभर देतेत. पन थ्यायच्यातून पिल्लं कुठून निंगन? आमचे कोंबडे त आखाडीत आमच्याच पोटात गेले. आता साऱ्या करडीत सरकारी जातीचा कोंबडा कोनाच्या घरी हाय? बाईच्याच. तुमी हेबी तुमसरले नेले, त म्होरल्या साली पुन्हा एस.टी.त बसवून पाठवसान का?”

साहेबांनी पेन मिटलं. त्यांनी वहीची पानं उलटली. एका पानावर थांबले. चेहऱ्यावर असा काही उजेड आला की मला वाटलं, यांनाही एखाद्या व्रताचं फळ मिळालं.

“सुधारित नर वाटप,” ते स्वतःशीच वाचू लागले. “वंशसुधारणेसाठी गावोगाव. उद्दिष्ट पंधरा. साध्य… निरंक.” त्यांनी घाम पुसला. “शुक्रवारी भंडाऱ्याला बैठक आहे हो, गुरुजी. यंदा वरून एक नर आला नाही, आणि मी इथं वीस लिलावाला काढत होतो!”

“मग अतिरिक्त कसे?” मास्तर म्हणाले. “पंधरा उद्दिष्टात. चार या चौघींना. एक आमच्याकडं. अतिरिक्त निरंक.”

साहेबांनी मास्तरांकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी मी वैकुंठ चतुर्दशीला महादेवाच्या पिंडीकडं पाहते.

“पण नर वाटपातला पक्षी कापता येत नाही,” साहेबांनी सर्वांना बजावलं. “दोन वर्षं. लेखी हमी लागते.”

दोन वर्षं! माझं व्रत त्याच्या आयुष्यभराचं. पण त्याची तजवीज मी पुढच्या आठवड्यात केली. ज्या ज्या गावची बाई कोंबडा न्यायला आली, तिनं साहेबांच्या वहीत अंगठा दिला आणि मग माझ्या तुळशीला हात लावून शपथ घेतली, हा म्हातारा होऊन मरेल, सुरीनं नाही. सरकारी हमी एखादी मोडते. तुळशीची मोडायला आमच्याकडच्या बायका धजत नाहीत. मारोतरावांकडून मी दोनदा शपथ घेतली.

साहेब निघताना मास्तरांनी त्यांना अडवलं, आणि चौघी बायकांच्या देखत, कान लाल न होता, स्पष्ट आवाजात विचारलं, “आता यांची पिल्लं झाली की त्यांतले नर-मादी कसे ओळखायचे? ठिपक्यावरूनच ना?”

“छे! हे कोंबडे आणि आपल्या कोंबड्या, अशा जोडीला तो नियमच नाही. नरांतही निम्म्यांना ठिपका, माद्यांतही निम्म्यांना. तो नियम एकाच पिढीपुरता.” साहेबांनी फटफटीला किक मारली. “सरकारी नियम आहे, गुरुजी. याहून जास्त टिकत नाही.”

मोडलेल्या मौनाचं प्रायश्चित्त म्हणून मी पुढचा गुरुवारही मौनात घालवला. मास्तरांनी काहीही तक्रार केली नाही. बालवाडीला अंडी चौघी पाळीपाळीनं देऊ लागल्या. अध्यक्षांकडील सर्व अंडी आजही बालवाडीसच जातात. ती निरंक आहेत, हा भाग वेगळा. आणि माझ्याकडं राहिला तो एक, सर्वांत मोठ्या टिक्क्याचा. त्याचं नाव बुधराम ठेवलं.

माघात शकुनबाई सूप घेऊन आल्या. सुपात त्यांच्या कोंबडीनं उबवलेली अकरा पिल्लं, काही टिक्क्याची, काही बिनटिक्क्याची. मागं कुंताबाई, पुष्पाबाई. सगळ्यांच्या शेवटी गोदावरीबाई.

“बाई,” शकुनबाई म्हणाल्या, “साहेबाचं राहू द्या. तुमी सांगा. यातल्या बाया कोनत्या?”

बुधवार होता. मी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि घट्ट धरून ठेवले. मान ताठ. डोळे समोरच्या भिंतीवर. डास चावला तरी हलले नाही.

“बाई हलून नाई रायल्या,” शकुनबाई वाकून माझ्याकडं निरखून पाहत म्हणाल्या. “याचा अर्थ काय समजाचा वो?”

“याचा अर्थ, घरी जा,” गोदावरीबाई म्हणाल्या. “तोंड उघडन तवा कळन, कोन हाय थे.”

शकुनबाई सूप घेऊन वळल्या. कुंपणावर बुधराम उभा होता. त्यानं मान ताणली आणि माझ्या वाट्याचं सगळं एका दमात बोलून टाकलं.